सातारचे सरन्यायाधीश आणि लखनौचा पेच

स्मरणिकेसाठी लेख मागायला कार्यकारिणीतली मंडळी दरवर्षी श्रावणातच दारात उभी राहतात आणि मी दरवर्षी बँकेतल्या एखाद्या गमतीवर चार पाने खरडून सुटका करून घेतो. यंदा मात्र विषय आपणहून चालत आला. मागच्या वर्षी विसर्जन आटोपून गोमतीवरून परतताना आमचा टेम्पो विधानभवनासमोर गर्दीत अडकला. गाडीत नुकतीच बदली होऊन लखनौला आलेली दोन-तीन तरुण मंडळी होती. त्यांतल्या एकाने सहज विचारले, की काका, या गावाचा आणि मराठी माणसाचा काही जुना संबंध आहे का? मी सवयीने पं. भातखंडे यांचे नाव घेतले. ते सगळ्यांना माहीत होते. मग समोरच्या घुमटाकडे बोट दाखवून दुसरे नाव सांगितले, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. ते मात्र एकालाही ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख.

खरे सांगायचे तर मलाही हे नाव कायद्याच्या पुस्तकातून कळले नाही. मी बँकेत कारकून म्हणून लागलो तेव्हा युनियनमधले जुने लोक गजेंद्रगडकर आयोगाचा उल्लेख घरच्या वडीलधाऱ्याचा करावा तसा करीत. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा लवादाने दिलेला निवाडा केंद्र सरकारने बदलला, त्याच्या निषेधार्थ मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला आणि देशभर वादळ उठले. सरकारने न्या. राजाध्यक्षांचा आयोग नेमला. काम चालू असतानाच राजाध्यक्ष वारले आणि ती धुरा मुंबई हायकोर्टाच्या गजेंद्रगडकरांकडे आली. १९५५ मध्ये त्यांनी अहवाल दिला, तो सरकारने स्वीकारला आणि त्यासाठी वेगळा कायदाही झाला. आमच्या पिढीला जो पगार मिळाला, त्याच्या पायात एक दगड या गृहस्थांचा आहे. लखनौ शाखेतले माझे एक सहकारी मात्र शेवटपर्यंत त्यांना गजेंद्र गडकरी म्हणत राहिले आणि नागपूरच्या गडकरींचे हे कोण लागतात, असे दर निवडणुकीत मला विचारीत.

घराणे मूळचे कर्नाटकातल्या गजेंद्रगडचे. आडनाव त्यावरून आले. जन्म मात्र साताऱ्याचा, १६ मार्च १९०१. वडील बाळाचार्य संस्कृतचे पंडित. थोरले बंधू अश्वत्थामाचार्यही पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. प्रल्हादरावांचे शालेय शिक्षण साताऱ्यात, मग धारवाडचे कर्नाटक कॉलेज, मग पुण्याचे डेक्कन कॉलेज. तिथे एम. ए. झाल्यावर पुण्याच्याच लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी घेतली आणि १९२६ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. वकिलीच्या धबडग्यातही त्यांनी हिंदू कायद्यावरचे त्रैमासिक चालवले आणि नंदपंडिताच्या दत्तकमीमांसेची चिकित्सक आवृत्ती काढली. शास्त्री घराण्यातला मुलगा शास्त्र मुळातून वाचतो आणि मग तेच शास्त्र बदलायला हवे असे म्हणतो, हा आपल्याकडचा जुना सुधारकी धागा आहे. गजेंद्रगडकर त्याच धाग्याचे.

१९४५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. तिथला एक निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो. मुंबई राज्याने १९४६ मध्ये हिंदू पुरुषांच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली होती. राज्यघटना आल्यावर नरसू अप्पा माळी यांच्या खटल्यात प्रश्न असा आला, की हिंदूंनाच ही बंदी आणि मुसलमानांना नाही, तर समानतेच्या हक्काचे काय? १९५१ मध्ये सरन्यायाधीश छागला आणि गजेंद्रगडकर यांनी बंदी योग्य ठरवली. कायदेमंडळाला सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते, असे त्यांचे म्हणणे. इथपर्यंत सगळे छान. पण त्याच निकालात दोघांनी असेही ठरवले, की धर्मावर आधारलेला वैयक्तिक कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासून रद्द करता येत नाही. ते काम निवडून आलेल्या प्रतिनिधींचे. गजेंद्रगडकरांचा यामागचा भरवसा विधिमंडळावर होता, आणि १९५५-५६ मध्ये हिंदू कायद्याच्या सुधारणा संसदेने खरोखरच केल्या. ज्या बायकांसाठी संसद हलली नाही त्यांना मात्र न्यायालयाचे ते दार कित्येक वर्षे बंद राहिले. मला स्वतःला हा निकाल अर्धा पटतो, अर्धा पटत नाही. २०१८ मध्ये शबरीमलाच्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या मतपत्रात या निकालावर कठोर टीका केली, तेव्हा मला उगाचच बरे वाटले होते.

जानेवारी १९५६ मध्ये ते सुप्रीम कोर्टात गेले. तिथला १९६२ चा बालाजी खटला तर आपल्या सर्वांच्या घराघरांत वेगळ्या नावाने पोहोचलेला आहे. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांतल्या ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या. काही विद्यार्थी थेट सुप्रीम कोर्टात गेले. पाच न्यायमूर्तींचा निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला : मागासलेपण ठरवताना जात विचारात घ्यावी, पण एकटी जात पुरेशी नाही; आणि राखीव जागा साधारणपणे निम्म्याहून कमी असाव्यात. घटनेत हा आकडा कुठेही लिहिलेला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातले पुष्कळजण तो घटनेतच आहे असे समजतात. तो एका निकालातून आला, १९९२ च्या मंडल निकालात पक्का झाला, तामिळनाडूने आपल्या ६९ टक्क्यांचा कायदा १९९४ मध्ये घटनादुरुस्ती करवून नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला, २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा याच रेषेवर पडला आणि २०२२ मध्ये आर्थिक निकषावरच्या दहा टक्क्यांना मात्र तीन विरुद्ध दोन मतांनी मान्यता मिळाली. एका आकड्याभोवती न्यायालय, विधिमंडळे आणि रस्त्यावर उतरलेली माणसे साठ वर्षे फिरत आहेत. मोर्चेकऱ्यांतल्या किती जणांना गजेंद्रगडकर हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे!

आता लखनौकडे वळू या.

१ फेब्रुवारी १९६४ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. खुर्चीवर बसून दीड महिना होतो न होतो तोच आपल्या गावात नाटक सुरू झाले. गोरखपूरचे केशव सिंह हे समाजवादी कार्यकर्ते. त्यांनी एका काँग्रेस आमदारावर भ्रष्टाचाराचे आरोप करणारे पत्रक छापले. विधानसभेने हा हक्कभंग ठरवला आणि त्यांना समज देण्यासाठी सभागृहात बोलावले. ते आले नाहीत. शेवटी १४ मार्चला त्यांना धरून आणले गेले. तिथे हे गृहस्थ अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देईनात, आणि आधी पाठवलेले त्यांचे पत्रही सभागृहाच्या नाकाला मिरच्या झोंबतील असेच होते. विधानसभेने सात दिवसांची कैद ठोठावली आणि त्यांची रवानगी तुरुंगात झाली. मुख्यमंत्रिपदी तेव्हा सुचेता कृपलानी होत्या.

१९ मार्चला सॉलोमन नावाच्या वकिलांनी हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठात सुटकेचा अर्ज केला. ठरलेल्या वेळी सरकारी वकील हजरच राहिले नाहीत. न्या. नसिरुल्ला बेग आणि न्या. सहगल यांनी केशव सिंहांना अंतरिम जामीन दिला. एवढेच. रोज अशा कितीतरी जामिनांवर सह्या होतात.

विधानसभेला ते सहन झाले नाही. आमच्या शिक्षेत हात घालणारे हे कोण? २१ मार्चला सभागृहाने ठराव केला, की केशव सिंह, त्यांचे वकील आणि दोन्ही न्यायमूर्ती यांनी सभागृहाचा अवमान केला आहे. केशव सिंहांना पुन्हा तुरुंगात घाला आणि चौघांनाही ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभे करा. हायकोर्टाचे दोन न्यायाधीश, आणि त्यांना पकडून आणायचे! न्यायमूर्तींना ही बातमी संध्याकाळी रेडिओवरून कळली. सभागृहाच्या मार्शलकडे आणि लखनौच्या आयुक्तांकडे वॉरंट निघाले. दोघे न्यायमूर्ती अलाहाबादला आपल्याच हायकोर्टात अर्जदार म्हणून गेले. २३ मार्चला त्या हायकोर्टाचे उरलेले सगळे म्हणजे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. न्यायालयात एवढी मोठी पंगत क्वचितच बसली असेल.

कैसरबागेतली तेव्हाची कोर्टाची इमारत आणि विधानभवन यांत रमतगमत चालत अर्ध्या तासाचेही अंतर नाही. (खंडपीठ २०१६ मध्ये गोमतीनगरला गेले.) माझ्या सहकाऱ्यांचे वडील त्या कोर्टात वकील होते. ते सांगत, की त्या दोन-चार दिवसांत वकील मंडळी कामे सोडून व्हरांड्यात उभी असत आणि कुठलीही सरकारी गाडी फाटकातून आत आली की सगळे वळून पाहत. पोलिसांनी कोणाचे ऐकायचे, सभागृहाचे की न्यायालयाचे? या प्रश्नाचे उत्तर त्या घटकेला राज्यात कोणाकडेच नव्हते, आणि असे उत्तर नसते तेव्हा ते लाठीने ठरते. हे घडले नाही, म्हणून आपल्याला त्याची भीती वाटत नाही इतकेच.

२५ मार्चला विधानसभेने थोडे माघार घेतल्यासारखे केले. न्यायमूर्तींना आधी म्हणणे मांडायची संधी देऊ, असा सुधारित ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी हा सगळा गुंता सल्ल्यासाठी सुप्रीम कोर्टाकडे पाठवला. हायकोर्टाने मात्र सुधारित ठरावालाही स्थगिती दिली.

गजेंद्रगडकरांनी सात न्यायमूर्तींचे पीठ बसवले. न्यायाधीशांच्या बाजूने सेटलवाड, विधानसभेच्या बाजूने महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल सिरवई. म्हणजे लखनौचे भांडण, पण निवाडा करणारा साताऱ्याचा आणि दोन्ही बाजूंचे धुरंधर मुंबईचे! सिरवईंनी उभे राहताच स्पष्ट केले, की मी इथे आलो याचा अर्थ सभागृहाने या कोर्टाचा अधिकार मान्य केला असा नाही. हा दावा वाटतो तितका पोकळ नव्हता. आपल्या घटनेतच लिहिले होते, की कायदा होईपर्यंत विधिमंडळांना ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे विशेषाधिकार राहतील. तिथल्या सभागृहाने कारण न देता वॉरंट काढून कोणाला कैद केले, तर कोर्टे त्यात पडत नाहीत. मग इथल्या कोर्टांनी का पडावे?

३० सप्टेंबर १९६४ रोजी सल्ला दिला गेला. त्या दरम्यान नेहरू गेले होते, शास्त्रीजी आले होते. सहा न्यायमूर्तींच्या वतीने गजेंद्रगडकरांनी लिहिले, न्या. सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. त्यांचा विचार माझ्या शब्दांत असा : इंग्लंडात पार्लमेंट सार्वभौम आहे, तिच्यावर लिखित घटना नाही. इथे तसे नाही. इथे विधानसभाही घटनेची लेक आणि न्यायालयही घटनेचेच लेकरू. कॉमन्सचे अधिकार उसने घेतले म्हणून तिथले न्यायालयपण, ते वॉरंटावर प्रश्न न विचारून घेण्याचे कवच, आपोआप इथे येत नाही. नागरिकाला आपल्या स्वातंत्र्यासाठी हायकोर्टात जायचा हक्क घटनेने दिला आहे, आणि न्यायाधीशांच्या कामावर विधिमंडळात चर्चादेखील करायची नाही असे घटनाच सांगते. मग त्यांना पकडून आणायचा अधिकार कुठून येणार? न्यायमूर्ती, वकील किंवा केशव सिंह यांनी कोर्टात जाऊन वा जामीन देऊन सभागृहाचा अवमान केलेला नाही.

या सल्ल्यातला मला सर्वांत आवडणारा भाग निराळाच आहे. आपल्या बाजूचा विजय लिहून झाल्यावर त्यांनी न्यायाधीशांनाही चार शब्द सुनावले. बेअदबीचे हत्यार कोर्टांनीही फार जपून, शहाणपणाने वापरावे. रागाच्या किंवा चिडीच्या भरात ते उगारल्याने कोर्टाची प्रतिष्ठा वाढत नाही, असा त्यांचा रोख होता. दोन भाऊ वाड्याच्या भिंतीवरून भांडत असताना थोरल्याने दोघांना दटावावे, तसे ते वाचताना वाटते.

सभागृहे या सल्ल्यावर नाराजच होती. आणि केशव सिंहांचे काय झाले? त्यांचा मूळ अर्ज १९६५ मध्ये हायकोर्टाने फेटाळला. सभागृहाला अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार आहे, असेच त्या खंडपीठाने म्हटले. म्हणजे तपासायचा अधिकार कोर्टाला, आणि तपासल्यावर शिक्षा कायम! ज्या माणसामुळे सगळा देश हलला, त्याच्या पदरी जामीन सोडून काही पडले नाही.

लखनौच्या सल्ल्यानंतर बरोबर एक महिन्याने, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, हेच गजेंद्रगडकर दुसऱ्या टोकाला उभे दिसतात. जमीन सुधारणेच्या कायद्यांना कोर्टापासून वाचवण्यासाठी संसदेने सतरावी घटनादुरुस्ती केली होती. सज्जन सिंह खटल्यात त्यांनी बहुमताचा निकाल लिहिला, की संसदेला मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग बदलता येतो. कुळांना जमीन द्यायची असेल तर जमीनदाराने कोर्टात जाऊन ती अडवू नये, ही त्यांची सामाजिक तळमळ होती. पाच जणांच्या त्या पीठावर दुसरे एक मराठी न्यायमूर्ती होते, अमरावतीचे जनार्दन रघुनाथ मुधोळकर. १९१२ चे काँग्रेस अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. ते निकालाशी सहमत झाले, पण एक शंका लिहून ठेवली : घटनेची काही मूळ वैशिष्ट्ये अशी असतील का, की जी बदलणे म्हणजे दुरुस्ती न राहता घटना नव्याने लिहिणे होईल? ही शंका मांडताना त्यांनी पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या एका निकालाचाही आधार घेतला होता.

१९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी गजेंद्रगडकरांचा निकाल मोडीत निघाला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा जणांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी मधली वाट काढली, की बदल करा, पण मूळ चौकट मोडू नका. मुधोळकरांचे एका परिच्छेदातले बी नऊ वर्षांनी उगवले. माझ्या वकील मित्रांच्या मते यात गजेंद्रगडकर हरले. मी तसे म्हणणार नाही, कारण १९७१ पासून ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते आणि पंचविसाव्या घटनादुरुस्तीच्या विधेयकावर आयोगाने सरकारला सांगितले होते, की कोर्टाची तपासणीच बंद करणारे वाक्य त्यातून काढा. सरकारने ऐकले नाही. केशवानंद निकालात कोर्टाने नेमके तेच वाक्य काढून टाकले.

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना, १४ जानेवारी १९६६ रोजी, त्यांनी दिलेला एक निकाल गणेशोत्सवाच्या या पानांत सांगायलाच हवा. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरात हरिजनांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून काही सत्संगी मंडळींनी १९४८ मध्ये दावा लावला होता. मूळदास नावाचे दलित कार्यकर्ते मंदिरात जाणार असे म्हणत होते, आणि सत्संगींचे म्हणणे असे की आमचा पंथ हिंदू धर्मात मोडतच नाही, तेव्हा मंदिर प्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. अठरा वर्षे हे चालले. गजेंद्रगडकरांनी हिंदू धर्म म्हणजे काय, याचा वेदान्तापासून संतांपर्यंत धांडोळा घेतला आणि शेवटी आधार घेतला तो लोकमान्य टिळकांनी केलेल्या व्याख्येचा. ज्यांनी गणपती घरातून चौकात आणला, त्यांचे शब्द मंदिराचे दार उघडायला कामी आले. दावा फेटाळला गेला. सत्संगींची भीती अज्ञानातून आणि स्वामिनारायणांच्या शिकवणीच्याच गैरसमजातून आली आहे, असे शास्त्री घराण्यातल्या या न्यायमूर्तींनी बजावले. न्यायाधीशाने धर्म सांगावा का, असा आक्षेप यावर घेतात. घ्यावा. पण मूळदास आणि त्यांचे लोक दाराबाहेर उभे होते, हेही लक्षात असू द्यावे.

१५ मार्च १९६६ ला ते निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष, मग १९७७ पर्यंत विधी आयोग. १९७२ मध्ये पद्मविभूषण मिळाले. आणीबाणीच्या काळातही ते आयोगाच्या खुर्चीवर राहिले, हे मात्र मला खटकते. ज्यांनी लखनौच्या दोन न्यायमूर्तींची पाठराखण केली, त्यांनी त्या दिवसांत ती खुर्ची सोडली असती तर मला आवडले असते. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र, टू द बेस्ट ऑफ माय मेमरी, १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची एक जुनी प्रत माझ्याकडे आहे. टेम्पोतल्या त्या तरुण मित्रांपैकी ज्याला वाचायची असेल त्याने आरतीनंतर मागून न्यावी. परत आणून द्यावी, एवढी मात्र विनंती.